हवालदारासाठी तळमजला

९ ऑक्टोबर

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, रोज लिहून ठेवा. हवालदार काय खातो, किती चालतो, मागचे पाय कधी लटपटतात. म्हणून ही वही. एरवी शिवणाच्या मापांपलीकडे मी कधी काही लिहिलेलं नाही. छाती, कंबर, बाही, उंची. माणसांबद्दल मला एवढंच लिहिता येतं.

आज अर्धी वाटी दूधभात, एक अंडं. सकाळी जिना उतरताना दुसऱ्या मजल्यावर बसला तो उठेचना. ह्यांनी उचलून खाली नेला आणि उचलूनच वर आणला. चार मजले, बावीस किलो. वर आल्यावर हे बराच वेळ दाराला टेकून उभे होते. उभा जन्म दुसऱ्यांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या आणि स्वतः घेतलं बिनलिफ्टचं घर, असं मी म्हटलं की एरवी हसतात. आज हसायला दम नव्हता.

१४ ऑक्टोबर

हवालदार तेरा वर्षांचा आहे. चोर येऊन गेल्यावर भुंकतो म्हणून हे नाव. मांजरीचं नाव सासूबाई. मी स्वयंपाक करत असले की ओट्याच्या कडेला बसून बघत राहते आणि काही म्हणजे काही तिच्या पसंतीला उतरत नाही. खऱ्या सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या, ती उणीव हिने भरून काढली.

हे सकाळी कुत्र्याचं औषध आणायला गेले ते जेवणाच्या वेळेला उगवले. दुकान दहा मिनिटांवर. मी विचारलं तर म्हणाले, रांग होती. कुत्र्याच्या औषधाला रांग! कुठंतरी गप्पा मारत बसले असतील.

१९ ऑक्टोबर

आज ह्यांनी बॉम्ब टाकला. म्हणे घर बदलू. हवालदाराला जिने झेपत नाहीत, तळमजल्यावर जाऊ. आणि कुठं, तर माझ्या ताईच्या घरामागं दोन खोल्या रिकाम्या झाल्यात तिथं!

मला आधी खरंच वाटेना. हे आणि ताई एका छताखाली तासभर धड बसलेले मी पाहिलेले नाहीत. ताईला हे तोंडावर ‘मोठ्या साहेब’ म्हणतात, ती ह्यांना माझ्याजवळ ‘तुझा मेकॅनिक’ म्हणते. आणि आता म्हणे भिंतीला भिंत लावून राहू. एकोणतीस वर्षं झाली मला ह्या घरात. माझं मशीन पूर्वेच्या खिडकीत आहे. काळ्या कापडावर काळा दोरा मला इथं दिसतो, दुसरीकडे कुठं दिसणार आहे? एका कुत्र्यासाठी माणसांनी घर सोडायचं?

हे म्हणाले, “त्याने तेरा वर्षं आपलं ऐकलंय. आता आपण थोडं त्याचं ऐकू.” कुत्र्याबद्दल इतकं हळवं बोलताना मी ह्यांना कधी ऐकलं नव्हतं. वय झालं की होतं असं.

२६ ऑक्टोबर

हवालदार : भात संपवला, दूध ठेवलं.

ह्यांच्या दोन्ही पँटी कमरेत आत घेतल्या. चौतीस होती, बत्तीस झाली. मी म्हटलं, हवालदाराला उचलून उचलून तुमची चांगली तालीम होतेय, पोट पार गेलं. आरशात बघा तरी, नवरदेव दिसताय. बघितलं नाही.

२ नोव्हेंबर

घर बघून आले. दोन खोल्या, छोटं स्वयंपाकघर. मागच्या दारातून थेट ताईच्या अंगणात पाऊल. खिडकी एकच आणि तीही कोंदट. ह्यांनी गवंड्याला आधीच बोलावून ठेवलं होतं, खिडकी दुप्पट मोठी करायला. मशीन इथं ठेव म्हणाले, डावीकडून उजेड येईल. माझा उजेड डावीकडून लागतो हे ह्यांच्या ध्यानात असेल असं मला वाटलं नव्हतं.

ताई फार गोड वागली. स्वतःची शिसवी मांडणी देऊ केली. गेल्या वर्षी तीच मांडणी मी नुसती आठ दिवसांसाठी मागितली तर नाही म्हणाली होती. तिला माझ्याकडून काहीतरी शिवून हवं असणार.

७ नोव्हेंबर

तीन दिवस अबोला चालू आहे. कारण पडदे. मला गडद हिरवं कापड हवंय, हे म्हणतात फिकट घे, तू दिवसभर एकटी असशील, घर अंधारं वाटेल. एकटी कशाला असेन? हे निवृत्त होऊन चार वर्षं झाली, दिवसभर घरातच तर असतात. पण ते नाही. सगळं ह्यांच्याच मनासारखं का म्हणून? घर ह्यांनी ठरवलं, खिडकी ह्यांनी ठरवली. निदान पडदे तरी माझे. ताट वाढून समोर ठेवते आणि आत जाते. ह्या वेळी मी आधी बोलणार नाही.

८ नोव्हेंबर

हिरवंच आणलं. ह्यांनी स्वतः जाऊन आणलं. मी जिंकले.

१२ नोव्हेंबर

बांधाबांध. माझ्या चिंध्यांची गाठोडी अकरा. ह्यांचं सामान एका खोक्यात मावलं. हत्यारांची पेटी जुन्या जोडीदाराला देऊन टाकली आणि लोकरीचा जाड कोटही. कोटावरून मी चिडले. थंडी तोंडावर आलीय, आता काय घालाल म्हटलं. “तळमजल्याला ऊब असते,” म्हणाले. लिफ्टवाल्या माणसाचं शास्त्र.

१६ नोव्हेंबर

आलो. हात मोडून गेलेत, थोडक्यात लिहिते.

सासूबाईला टोपलीत घालायला एक तास आणि माझ्या मनगटावर चार ओरखडे. वाटभर अशी ओरडत होती की टेम्पोवाल्याने दोनदा गाडी थांबवून मागं बघितलं. हवालदाराला हमालांनी खुर्चीत बसवून उतरवलं. तो अगदी ऐटीत, राजासारखा दोन्हीकडे बघत. हे सगळ्यांत शेवटी आले, मोकळ्या हातानं, कठड्याला धरून, एकेका मजल्यावर थांबत. मला वाटलं शेजाऱ्यांचा निरोप घेतायत. जुनं घर सोडताना पुरुषांनाही भरून येत असेल, दाखवत नाहीत एवढंच.

२० नोव्हेंबर

सासूबाई चार दिवस पलंगाखाली होती. आज सकाळी दूधवाल्याला दार उघडलं आणि ही बाण सुटावा तशी गेली. दिवसभर हाका मारत गल्ल्या फिरले. संध्याकाळी जुन्या इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकेचा फोन आला, तुमची मांजर आमच्या पायपुसण्यावर बसलीय म्हणून. दोन मैल! दोन मोठे रस्ते ओलांडून!

२४ नोव्हेंबर

परवा तिला घेऊन आले, आज पुन्हा पळाली. शिक्षिकाबाई म्हणतात, राहू द्या काही दिवस, मलाही सोबत होते. मी हो म्हटलं. मला मेलीचा रागच आला. मी नाही का राहत इथं, मनाविरुद्ध?

२९ नोव्हेंबर

हवालदार : स्वतःच्या पायांनी मागच्या अंगणात गेला. पिवळ्या फुलांच्या झुडपाशी पाय वर केला. दोन महिन्यांत पहिल्यांदा! आम्ही दोघं दारात उभे राहून असे बघत होतो, जणू मूल पहिलं पाऊल टाकतंय.

ह्यांनी घरभर चिठ्ठ्या चिकटवल्यात. कुठलं बटण कशाचं, पाण्याचा पंप किती वेळ चालवायचा, मुख्य नळ कुठं बंद होतो. आज मला फ्यूज बदलायला शिकवलं. मी म्हटलं, तुम्ही असताना मला काय गरज? तरी तीनदा करून घेतलं. तिसऱ्यांदा जमल्यावर म्हणाले, शाब्बास. चौतीस वर्षांच्या संसारात मला पहिली शाब्बासकी मिळाली ती फ्यूजसाठी.

पँट पुन्हा आत घ्यायला दिलीय. जेवण कमी झालंय. जागा बदलली की मलाही भूक लागत नाही.

११ डिसेंबर

हवालदार गेला. सकाळी उन्हात झोपला होता, मी हाक मारली तर शेपूट हलली नाही. ताईच्या अंगणात झुडपाखाली पुरला. खड्डा ताईच्या माळ्याने खणला. हे फावडं घ्यायला पुढं झाले होते, दोन घावांतच खाली बसले.

१४ डिसेंबर

हे लिहायला बसलेय खरी, पण हात चालत नाही.

आज दुपारी मी ह्यांना म्हटलं, चला, परत जाऊ. वरचं घर अजून कुणाला भाड्यानं दिलेलं नाही, सासूबाई तर आधीच तिकडं जाऊन बसलीय. ज्याच्यासाठी आलो तोच राहिला नाही.

“नाही जायचं,” म्हणाले.

मी विचारलं, का? म्हणाले, ते जिने मला जमायचे नाहीत. मी म्हटलं, आता कुणाला उचलायचंय, हवालदार गेला. तर म्हणाले, “जरा खाली बस.” मी उभीच राहिले.

“घर हवालदारासाठी नव्हतं घेतलं गं,” म्हणाले.

सप्टेंबरमध्येच कळलं होतं. यकृतात आहे आणि पसरलंय. डॉक्टरांनी सहा महिने सांगितले, फार तर आठ. शस्त्रक्रियेत अर्थ नाही म्हणाले. हवालदाराच्या औषधाला गेले त्या दिवशीची रांग खरीच होती, फक्त माणसांच्या दवाखान्यातली होती.

हे सांगताना आवाज अगदी साधा होता, पंप किती वेळ चालवायचा ते सांगावं तसा. म्हणाले, मी नसताना तू एकटीनं चार मजले भाजी, गॅस, कापडाचे गठ्ठे चढवशील हे डोळ्यांपुढं यायचं. इथं शेजारी आपलं माणूस आहे. तुला तसं सांगितलं असतं तर तू घर सोडलं नसतंस. कुत्र्यासाठी सोडशील असं वाटलं.

मी एकच विचारलं, “ताईला माहीत होतं?”

ह्यांनी मान डोलावली.

मी गेले आणि दोरीवरची ह्यांची पँट काढून उलटी केली. कमरेत टाक्यांच्या तीन ओळी. ऑक्टोबरची, नोव्हेंबरची आणि परवाची. तिन्ही माझ्याच हातच्या, एकीपेक्षा एक आत. चाळीस वर्षं लोकांची मापं घेतेय. गिऱ्हाईक उंबरठ्यावर असतानाच सांगते, बाई, दोन इंच उतरलात, आजारी होतात का. आणि घरातला माणूस माझ्या टेपमधून असा निसटत होता तर मी त्याला नवरदेव म्हणाले.

१६ डिसेंबर

आज भांडले. रडले नाही, भांडले. म्हटलं, तुम्ही मला फसवलंत. पडद्यांपायी मी तुमच्याशी तीन दिवस बोलले नाही. ते तीन दिवस मी आता कुठून आणू?

“सांगितलं असतं तर भांडली असतीस?” ह्यांनी विचारलं.

मी नाही म्हटलं.

“मग? मला तीच हवी होती. रोज हळू आवाजात बोलणारी कुणी परकी बाई मी कुठं सांभाळत बसू?”

पूर्वी कधी असं बोलले असते तर मी विरघळले असते. आज नाही. ह्यांना अखेरपर्यंत भांडणारी बायको मिळाली. मला काय मिळालं? जाणाऱ्या माणसाशी धरलेला अबोला, आणि खाली मी स्वतःच्या हातानं लिहिलेलं, ‘मी जिंकले’. ते पान फाडावंसं वाटलं. फाडलं नाही. असू दे.

१९ डिसेंबर

ताई मागच्या दाराशी आली होती. मी कडी घातली. बराच वेळ उभी होती, दाराखालून तिची सावली दिसत होती. मग गेली.

४ जानेवारी

हल्ली मी खरंच हळू आवाजात बोलायला लागलेय. ठरवून नाही, आपोआप. ह्यांना ते खपत नाही.

पण आज आवाज चढलाच. लेकीला कळवायचं नाही म्हणतात. ती दूर, तिची नवी नोकरी, उगाच धावत येईल. मी म्हटलं, माझ्याशी केलंत ते तिच्याशी करू देणार नाही. तिलाही असंच कधीतरी आठवत बसू द्यायचंय का, की त्या महिन्यात आपण बाबांशी फोनवर हवापाण्याचं बोललो? मी फोन लावला आणि ह्यांच्या कानाला धरला. हे माझ्याकडे बघत राहिले. मी हात खाली घेतला नाही.

सांगितलं शेवटी. मग हेच म्हणाले, “अगं बोल काहीतरी, तुझी आई फोन धरून उभी आहे, तिचा हात दुखेल.”

९ जानेवारी

लेक आली. दोघं दिवसभर खिडकीत बसून लिफ्टच्या गोष्टी करतायत. कुठल्याशा इमारतीत एक बाई चार तास अडकली होती आणि हे बाहेरून तिच्याशी बोलत बसले होते, ती घाबरू नये म्हणून. मला ही गोष्ट माहीत नव्हती. इतकी वर्षं एका घरात आणि ही गोष्टच माहीत नव्हती.

२२ जानेवारी

पँट सुटली. नाडीचा सैल पायजमा शिवून दिला. माप घेतलं नाही.

८ फेब्रुवारी

गेले. दुपारी सव्वातीन. लेकीने एक हात धरला होता, एक मी. माझेच हात इतके गार होते की त्यांचा कधी गार झाला ते मला कळलं नाही.

२ मार्च

लेक परत गेली. माझ्याकडे चल म्हणत होती. मी नाही म्हटलं. का ते तिला सांगता आलं नाही. हे घर मला आवडत नाही. पण ते माझ्या मापाचं बेतून शिवलंय आणि शिवणारा गेलाय. दुसऱ्याला द्यायचं कसं?

६ मार्च

आज कडी काढली. ताई आली आणि खुर्चीच्या टोकावर बसली, परक्या घरी बसावं तशी. म्हणाली, तुझ्या मेकॅनिकने मला शपथ घातली होती, पहिल्यांदाच माझ्याकडे काही मागितलं, नाही म्हणवेना. रोज तुझ्यासमोर यायचे आणि जीभ चावून परत जायचे.

मी म्हटलं, तू सांगायला हवं होतंस. ती म्हणाली, हो, हवं होतं. जाताना तिने माझं दुधाचं पातेलं घासून ठेवलं.

१४ मार्च

शिक्षिकाबाई मुलाकडे राहायला चालल्यात. फोन आला, मांजरीचं काय करू? वरच्या घरी आता एक परिचारिका आणि तिची आई भाड्यानं राहतात. सासूबाई रोज चौथ्या मजल्यावर जाऊन त्यांच्या दाराशी ओरडते, त्या हुसकून देतात.

टोपली घेऊन निघाले. ताई बरोबर आली, गुडघ्यांमुळे खालच्या पायरीवरच बसली. मी चढले. दुसऱ्या मजल्यापर्यंत ठीक होते, तिसऱ्यावर पाय थरथरायला लागले, मांजर शिक्षिकाबाईंकडे नव्हती, वर गेली होती, म्हणून पुढं कठड्याला धरून एकेक पायरी. रिकामी टोपली हातात आणि छाती भात्यासारखी. पाच महिन्यांपूर्वी मी हे दिवसातून चारदा सहज करत होते, की दमत होते आणि मला कळत नव्हतं? चौथ्या मजल्याच्या वळणावर खाली बसले. हा माणूस ह्या बाबतीतही बरोबर होता, ह्याचा इतका राग आला की रडू फुटलं. ते गेल्यापासून पहिलंच. परिचारिकेच्या आईने दार उघडलं, पाणी आणून दिलं, आत या म्हणाली. मी गेले नाही. दारातून खिडकी दिसत होती. मशीनच्या जागी त्यांनी पलंग टाकलाय. चांगलं करतायत, तिथं झोपलं की सकाळी ऊन तोंडावर येतं.

सासूबाई वरच्या पायरीवर बसून हे सगळं बघत होती. मी पदराने तोंड पुसलं तेव्हा उठून आली आणि पाठ माझ्या गुडघ्याला घासली. तेवढ्यात तिला उचलून टोपलीत घातली. ह्या वेळी ओरखडे दोनच.

घरी आणून सोडल्यावर दोन्ही खोल्या हुंगून आली. पाण्याला तोंड लावलं. आणि आता दाराशी बसून ओरडतेय.

“इथंच राहायचंय आपल्याला,” मी तिला म्हटलं.

तिला ते पटलेलं नाही. मलाही नाही. पण दार मी लावून घेतलंय.